पाताळांतील पहारा

यशस्वी शोधांचे इतिहास पुष्कळ लिहिले जातात. ज्या शोधासाठीं माणसांच्या दोन पिढ्या खपल्या आणि तरीहि ज्याची वस्तु अजून हातीं आली नाहीं, अशा शोधाचा इतिहास लिहावयास सहसा कोणी बसत नाहीं. आज आम्ही असाच एक इतिहास वाचकांपुढें मांडणार आहों. सोन्याच्या व लोखंडाच्या खाणींत, पर्वतांच्या पोटांतील बोगद्यांत, पृथ्वीवर ठिकठिकाणीं कांहीं शोधकयंत्रें रात्रंदिवस एका पाहुण्याची वाट पाहत बसत आलीं आहेत. हा पाहुणा आहेच, असें आकाशाचे वेध घेणारे सांगतात. परंतु एकाहि यंत्राच्या उंबरठ्यावर त्याचें पाऊल निर्विवादपणें उमटलेलें नाहीं. या पाहुण्याचें नांव कृष्णद्रव्य.

या वाट पाहण्याचें मर्म कळण्यासाठीं प्रथम एक जुनी गोष्ट सांगणें अवश्य आहे. युरेनस ग्रहाची चाल गणिताशीं जुळेना, तेव्हां लव्हेर्ये या फ्रेंच ज्योतिर्विदानें असें अनुमान केलें कीं, पलीकडे असलेला एकादा न दिसणारा ग्रह त्याला ओढीत असावा. त्यानें त्या ग्रहाची जागाहि गणितानें काढून दिली. १८४६ सालीं बर्लिनच्या वेधशाळेंत गाले यानें त्या जागेकडे दुर्बीण वळविली आणि त्याच रात्रीं नेपच्यून सांपडला. पुढें बुधाच्या कक्षेंतहि थोडी तफावत आढळून आली. १८५९ सालीं लव्हेर्येनें तीच युक्ति पुन्हा लढविली व सूर्याजवळ आणखी एक ग्रह असावा असें सांगितलें. लागलीच लेस्कार्बो नांवाच्या एका खेडेगांवच्या डॉक्टरानें आपण तो ग्रह सूर्यबिंबावरून जातांना पाहिल्याचें कळविलें. त्याचा मोठा सन्मान झाला आणि ग्रहाला 'व्हल्कन' असें नांवहि मिळालें. पण व्हल्कन पुन्हा कोणाला खात्रीनें दिसला नाहीं. शेवटीं १९१५ सालीं आइन्स्टाइननें गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडून दाखविलें कीं, बुधाच्या चालींतील तफावतीला नव्या ग्रहाची गरजच नाहीं. एकाच पुरुषानें एकाच रीतीनें दोन अनुमानें केलीं. त्यांतला एक ग्रह खरा ठरला आणि दुसरा मुळांतच नव्हता.

कृष्णद्रव्याची कथा या दोन शक्यतांमध्यें उभी आहे. १९३३ सालीं अमेरिकेंत काम करणाऱ्या फ्रिट्झ झ्विकी या स्विस ज्योतिर्विदानें 'कोमा' या दीर्घिकासमूहाकडे पाहून असें लिहिलें कीं, यांतील दीर्घिका इतक्या वेगानें फिरत आहेत कीं, दिसणाऱ्या ताऱ्यांचें आकर्षण त्यांना एकत्र बांधून ठेवण्यास अगदींच अपुरें आहे. तेथें न दिसणारें द्रव्य पुष्कळ असलें पाहिजे. हें म्हणणें बराच काळ बाजूला पडून राहिलें. १९७० सालीं व्हेरा रूबिन आणि केंट फोर्ड यांनीं देवयानी दीर्घिकेचे वेध प्रसिद्ध केले, आणि पुढील दहा वर्षांत इतर अनेक दीर्घिकांचे वेध त्यांत येऊन मिळाले. सूर्यमालेंत दूरचे ग्रह मंद चालतात. दीर्घिकांत मात्र कडेचे तारे आंतल्या ताऱ्यांच्या जवळ जवळ बरोबरीनें धांवतांना आढळले. पुढें दूरच्या प्रकाशाचें वांकणें आणि विश्वाच्या बाल्यावस्थेंतील अवशिष्ट प्रारण यांच्या स्वतंत्र मोजमापांतूनहि तेंच निघालें. आजच्या हिशेबाप्रमाणें हें अदृश्य द्रव्य आपल्या परिचयाच्या द्रव्याच्या सुमारें पांचपट भरतें. तथापि १९८३ सालीं इस्रायलच्या मिल्ग्रोम यांनीं दुसरी वाट दाखविली: द्रव्य कमी पडत नसून कदाचित् आकर्षणाचा नियमच अपुरा असेल. बहुसंख्य शास्त्रज्ञांना हें पटलें नाहीं; कारण दीर्घिकांच्या परिभ्रमणापलीकडील बराच पुरावा त्या वाटेनें उलगडत नाहीं. पण व्हल्कनची आठवण ज्याला आहे, तो हा पक्ष हंसण्यावारी नेणार नाहीं. आकाशांतील सर्व पुरावा अखेर आकर्षणाचाच आहे. कृष्णद्रव्याचा एक तरी कण पृथ्वीवर हातीं लागला, म्हणजे मात्र हा वाद कायमचा मिटेल.

तो हातीं लागावा कसा? तो प्रकाश देत नाहीं, अडवीत नाहीं, आणि भिंतींतूनच काय, सबंध पृथ्वींतूनहि आरपार जातो. १९८४ सालीं म्यूनिक येथील द्रुकिअर व स्टोडोल्स्की यांनीं न्यूट्रिनो नामक अतिचंचल कण पकडण्याची एक युक्ति सुचविली होती. कणाकडे न पाहतां त्याचा धक्का बसलेल्या अणुकेंद्राकडे पाहावें, ही ती युक्ति. १९८५ सालीं प्रिन्स्टन येथील गुडमन व विटेन यांनीं तीच कृष्णद्रव्याला लावून दाखविली. कॅरमच्या फळीचा दृष्टान्त येथें चांगला लागू पडतो. स्ट्रायकर अदृश्य आहे असें समजा. तरी स्थिर बसलेली सोंगटी एकाएकीं सरकली, तर तिला कशाचा तरी धक्का लागला एवढें निश्चित कळेल. आपला सूर्य आपणां सर्वांस घेऊन आकाशगंगेच्या केंद्राभोंवतीं सेकंदास सुमारें २२० किलोमीटर वेगानें फिरत आहे. कृष्णद्रव्य जर हायड्रोजनच्या शंभरपट जड अशा कणांचें बनलेलें असेल, तर आपल्या पसरलेल्या तळहातांतून दर सेकंदास असे कांहीं लक्ष कण जात असले पाहिजेत. त्यांतला एकादा क्वचित् कधीं एकाद्या अणुकेंद्रावर आदळेल. त्या क्षणीं सोंगटी हललेली दिसावी, एवढीच काय ती अपेक्षा.

या कल्पनेची पहिली परीक्षा अमेरिकेंतील साउथ डकोटा प्रांतांत होमस्टेक या सोन्याच्या खाणींत, सुमारें दीड किलोमीटर खोलीवर झाली. त्याच खाणींत रेमंड डेव्हिस हे १९६० नंतरच्या दशकापासून सूर्यावरून येणारे न्यूट्रिनो मोजीत होते. त्याबद्दल त्यांना २००२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कृष्णद्रव्यासाठीं मात्र तेथें जर्मेनियमचा एक लहानसा स्फटिक ठेवला होता, वजनानें किलोहूनहि कमी. १९८७ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि तो नकारार्थी होता. पण तो नकार वांझोटा नव्हता. एक विशिष्ट जातीचा जड न्यूट्रिनो हेंच कृष्णद्रव्य असावें, असें त्या वेळीं पुष्कळांस वाटत असे. असा कण असता तर त्या स्फटिकांत जितके धक्के नोंदले जावयास हवे होते तितके नोंदले गेले नाहींत. पाऊण हात लांबीच्याहि नसलेल्या एका खड्यानें आकाशगंगेबद्दलची एक मोठी कल्पना खोडून काढली.

खाणीच्या तळाशीं जाण्याचें कारण काय, असें वाचक विचारतील. कारण हें कीं, वर फार गोंगाट आहे. विश्वकिरणांतून उत्पन्न झालेले म्यूऑन नांवाचे कण आपल्या तळहातांतून सेकंदाला एक या हिशेबानें अखंड जात असतात. कॅरमच्या फळीवर सारखा खड्यांचा पाऊस पडत असतां सोंगटी कोणत्या धक्क्यानें हलली हें कोण सांगणार? म्हणून माथ्यावर खडकाचें छत घ्यावें लागतें. इटलींत ग्रान सासो पर्वताच्या पोटांतून जाणाऱ्या हमरस्त्याच्या बोगद्यालगत प्रचंड दालनें खोदलेलीं आहेत. तेथें माथ्यावरील १४०० मीटर खडकामुळें म्यूऑनांचा पाऊस दशलक्षांश इतका कमी होतो. या पाताळविद्येंत आपला देशहि पूर्वींच उतरला होता. कोलारच्या सोन्याच्या खाणींत दोन किलोमीटरांहून अधिक खोल जागीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं, जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह, १९६५ सालीं वातावरणांत निर्माण होणारे न्यूट्रिनो प्रथम टिपले. २००१ सालीं ती खाण बंद झाली. परंतु झारखंडांत जादुगुडा येथील युरेनियमच्या खाणींत ५५५ मीटर खोलीवर २०१७ सालीं एक प्रयोगशाळा उघडली, आणि तेथें कृष्णद्रव्याचाच शोध घेण्याचा प्रयोग मांडण्यांत आला.

खडकानें बाहेरचा शत्रु अडतो, घरभेद्याचें काय? किरणोत्सर्गी अणू दगडांत आहेत, हवेंत आहेत, यंत्राच्या स्क्रूंत आहेत आणि यंत्र बांधणाऱ्याच्या अंगांतहि आहेत. माणसाच्या शरीरांतील नुसत्या पोटॅशियममुळें दर सेकंदास सुमारें चार हजार किरणोत्सर्गी स्फोट होत असतात. किरण अडविण्यास शिसें उत्तम; पण ताज्या शिशांतहि किरणोत्सर्गी शिशाचा अंश असतो, आणि तो दर बावीस वर्षांनीं निम्मा होत जातो. तेव्हां शिसें जितकें जुनें तितकें चांगलें. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं सार्डिनियाच्या किनाऱ्याजवळ एक रोमन जहाज शिशाच्या विटांसह बुडालें होतें. त्यांतील कांहीं विटा २०१० सालीं ग्रान सासोच्या प्रयोगशाळेला देण्यांत आल्या. विटांवर रोमन कारखानदारांचे छाप होते. ते भाग कापून इतिहाससंशोधकांसाठीं जपून ठेवले आणि उरलेलें शिसें यंत्राभोंवतीं रचलें. तो प्रयोग कृष्णद्रव्याचा नव्हता, दुसऱ्याच एका दुर्मिळ घटनेचा होता; पण अडचण दोघांचीहि एकच. ज्याला अतिसूक्ष्म आवाज ऐकावयाचा आहे, त्याला प्रथम स्वतःच्या घरांतला गोंगाट ओळखावा लागतो.

ही ओळख पटविण्यासाठीं यंत्रांना एकाहून अधिक इंद्रियें देण्याची युक्ति निघाली. अणुकेंद्राला धक्का बसला म्हणजे स्फटिकांत थोडी उष्णता उत्पन्न होते, कांहीं विद्युत्कण सुटतात, आणि कांहीं पदार्थांत प्रकाशाचा कणहि चमकतो. सामान्य किरणोत्सर्ग अणूच्या बाहेरील इलेक्ट्रॉनांना धक्का देतो. कृष्णद्रव्य केंद्राला देईल. दोहोंत उष्णता, वीज व प्रकाश यांचें परस्परप्रमाण निराळें पडतें. म्हणून यांपैकीं दोन गोष्टी एकदम मोजल्या कीं चोर आणि साव वेगळे करतां येतात. अमेरिकेंतील 'सी. डी. एम्. एस्.' या प्रयोगानें जर्मेनियमचे स्फटिक निरपेक्ष शून्याच्या अगदीं जवळ, अंशाच्या शतांशापर्यंत थंड करून मिनेसोटांतील सूदान येथील जुन्या लोखंडाच्या खाणींत ठेवले. १९ व्या शतकांत सुरू झालेल्या त्या खाणींतून २००९ सालच्या डिसेंबरांत एक बातमी आली आणि शास्त्रज्ञांच्या जगांत एकच खळबळ उडाली. दोन धक्के मिळाले होते! पण ते जाहीर करतांनाच त्या मंडळींनीं सांगून टाकलें कीं, उरल्यासुरल्या गोंगाटामुळेंहि सुमारें एक धक्का अपेक्षितच होता, आणि निव्वळ योगायोगानें दोन दिसण्याचा संभव शेंकडा २३ आहे. तेव्हां हा शोध लागला असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. दहा वर्षें खपून मिळालेल्या दोन दाण्यांवर ज्यांनीं स्वतःच पाणी सोडलें, त्या माणसांच्या शीलाबद्दल आम्हांस फार आदर वाटतो.

याच इतिहासांत लेस्कार्बोची आठवण करून देणारा एक प्रसंगहि आहे. मात्र येथील निरीक्षक पारंगत होते, हें आधींच सांगितलें पाहिजे. १९८६ सालीं असें सुचविण्यांत आलें होतें कीं, पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरतांना जूनच्या आरंभीं सूर्याच्या गतीच्या दिशेस व डिसेंबरांत तिच्या उलट जाते. त्यामुळें धक्क्यांची संख्या उन्हाळ्यांत किंचित् वाढावी आणि हिवाळ्यांत घटावी. रोमच्या रीटा बेर्नाबेई यांच्या नेतृत्वाखालीं 'डामा' या प्रयोगानें ग्रान सासो येथें सोडियम आयोडाइडचे सुमारें १०० किलो स्फटिक ठेवून ही वार्षिक भरती-ओहोटी शोधावयास प्रारंभ केला. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती त्यांस दिसूं लागली. पुढें स्फटिक वाढवून सुमारें २५० किलो केले. वीस वर्षांहून अधिक काळ दर उन्हाळ्यांत आंकडा चढे आणि दर हिवाळ्यांत उतरे. योगायोग म्हणून ही गोष्ट निकालांत काढणें अशक्य होतें. परंतु इतर जातींच्या यंत्रांना, त्यांतील कित्येक अधिक तीक्ष्ण असतांहि, कांहींच सांपडेना. शिवाय उन्हाळा आणि हिवाळा यांबरोबर पृथ्वीवर पुष्कळच गोष्टी बदलतात. म्यूऑनांची संख्याहि बदलते. डामाच्या मंडळींनीं अशा सर्व शंकांस उत्तरें दिलीं आणि आपला दावा सोडला नाहीं.

वादविवादानें असा प्रश्न सुटत नाहीं. तेंच द्रव्य, तशीच रीत, परंतु दुसरे हात आणि दुसरा पर्वत, एवढाच त्यावर उपाय. स्पेनमध्यें पिरेनीज पर्वताखालीं कानफ्रांक येथें 'अनाइस' प्रयोगानें २०१७ सालापासून सुमारें ११२ किलो सोडियम आयोडाइड पहाऱ्यावर बसविलें. दक्षिण कोरियांत यांगयांग येथें 'कोसाइन' प्रयोगानें २०१६ पासून २०२३ पर्यंत सुमारें १०६ किलो. दोघांनाहि डामाची भरती-ओहोटी दिसली नाहीं, आणि २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनीं हा विरोध अधिकच स्पष्ट केला. ऑस्ट्रेलियांत स्टॉवेल येथील सोन्याच्या खाणींतहि अशीच परीक्षा योजण्यांत आली आहे. तेथील ऋतु आपल्या उलट असतात. पण कृष्णद्रव्याचा वारा दोन्ही गोलार्धांत जूनमध्येंच वाढावयास हवा. डामाला जें दिसलें तें कशामुळें दिसलें याचा सर्वमान्य उलगडा मात्र अद्याप झालेला नाहीं. पाहणाऱ्यानें खोटें सांगितलें असें कोणी म्हणत नाहीं. त्यानें जें पाहिलें तें कृष्णद्रव्य होतें, एवढेंच आतां मानतां येत नाहीं.

दरम्यान स्फटिकांची जागा मोठ्या प्रमाणावर द्रवरूप झेनॉननें घेतली. हवेंत अत्यल्प प्रमाणांत असणारा हा उदासीन वायु उणें शंभर अंशांच्या सुमारास द्रव होतो. त्यांत धक्का बसतांच प्रथम एक चमक दिसते. नंतर सुटलेले इलेक्ट्रॉन विजेच्या ओढीनें वर जाऊन पृष्ठभागावरील वायूंत दुसरी चमक पाडतात. दोन चमकांमधील वेळावरून खोली कळते, आणि भांड्याच्या कडेजवळील संशयास्पद घटना गाळून केवळ मध्यभागच्या निवांत द्रवाची साक्ष घेतां येते. कोलंबिया विद्यापीठाच्या एलेना अप्रीले यांच्या पुढाकारानें ग्रान सासो येथें 'झेनॉन' नांवाचे प्रयोग एकामागून एक उभे राहिले. शेवटल्यांत साडेआठ टन झेनॉन आहे. होमस्टेकच्या त्याच जुन्या खाणींत आतां दहा टनांचा 'एल्. झेड्.' प्रयोग आहे, आणि चीनमध्यें सिचुआन प्रांतांत जिनपिंग येथें २४०० मीटर खडकाखालीं 'पांडाएक्स'.

२०२० सालच्या जूनमध्यें ग्रान सासोहून पुन्हा एक चमत्कारिक वार्ता आली. सुमारें २३२ घटनांची अपेक्षा असतां २८५ नोंदल्या गेल्या होत्या. जगभर तर्कांचा पाऊस पडला. प्रयोगकर्त्यांनीं मात्र आपल्याच निबंधांत एक रुक्ष शक्यताहि नमूद केली: दर किलो झेनॉनमध्यें ट्रिटियमचे अगदीं मोजके अणू शिरले असले, तरी एवढी वाढ होऊं शकेल. मग त्यांनीं अधिक मोठें व अधिक शुद्ध यंत्र बांधलें, आणि २०२२ सालीं स्वतःच जाहीर केलें कीं, ती वाढ नाहींशी झाली. आपला नवलाईचा दावा आपणच दोन वर्षांत मागें घेतला, याबद्दल त्यांना कोणी कमी लेखलें नाहीं. अशा कामांत बाजू राखण्यापेक्षां माप राखणें श्रेष्ठ, हें त्या व्यवसायांत आतां रुजलें आहे.

१९८७ च्या त्या लहान स्फटिकापासून आजच्या यंत्रांपर्यंत नजरेची तीक्ष्णता दहा लक्ष पटींहून अधिक वाढली. या पहाऱ्यांत कांहीं अनपेक्षित लाभहि झाले: २०१९ सालीं झेनॉनच्याच एका प्रकारच्या अणूंचा इतका मंद क्षय मोजतां आला कीं, त्याच्या तुलनेंत विश्वाचें वय म्हणजे एक निमिष होय. आणि २०२४ सालीं ग्रान सासो व जिनपिंग या दोन्ही ठिकाणच्या यंत्रांत सूर्याच्या न्यूट्रिनोंनीं अणुकेंद्रांना दिलेल्या धक्क्यांच्या पहिल्या खुणा दिसूं लागल्या. १९८४ सालीं ज्या न्यूट्रिनोंसाठीं ही युक्ति निघाली, तेच अखेर येऊन पोंचले! परंतु यांत एक संकटहि आहे. न्यूट्रिनोंना कोणताहि खडक अडवीत नाहीं. यापुढें यंत्र जितकें मोठें होईल तितकें हें धुकें दाट होणार, आणि त्या धुक्यांत कृष्णद्रव्याचा धक्का निराळा ओळखणें अधिकाधिक कठीण जाणार.

मग एवढा खटाटोप आणि एवढा पैसा कशासाठीं, हा गृहस्थाचा सरळ प्रश्न उरतोच. नकारांची ही मालिका कृष्णद्रव्य नाहीं असें सिद्ध करीत नाहीं; हा कण अमुक वजनाचा असेल तर त्याचा धक्का अमुक मर्यादेहून विरळ असला पाहिजे, एवढेंच ती सांगते. कण फार हलके असतील, किंवा सर्वस्वी निराळ्या जातीचे असतील. त्यांच्यासाठीं वेगळीं यंत्रें हवींत, आणि तीं बांधलींहि जात आहेत. कदाचित् पुढें एकादा नवा आइन्स्टाइन येऊन सांगेल कीं, हा व्हल्कनच होता. दोहोंपैकीं कोणतेंहि झालें तरी या चाळीस वर्षांची साक्ष लागणारच. व्हल्कनच्या काळीं 'दिसला नाहीं' या म्हणण्याला फारसें वजन नव्हतें. ढग होते, दुर्बीण लहान होती, ग्रह सूर्याच्या तेजांत लपला होता, असें प्रत्येक वेळीं म्हणतां येत असे. आज रोमन शिसें रचून, आपल्या अंगच्या किरणांपासूनहि यंत्राला जपून, पाताळांत बसलेला पहारेकरी जेव्हां 'कोणी आलें नाहीं' असें सांगतो, तेव्हां त्या शब्दावर विश्वास ठेवतां येतो. तो विश्वास फुकट मिळालेला नाहीं. तो कमावावा लागला आहे.

सूदानच्या खाणींतून आतां लोखंड निघत नाहीं, कोलारांतून सोनें निघत नाहीं. होमस्टेकच्या खाणीनेंहि सोनें देणें थांबविलें आहे. पण जेथें एक लहान स्फटिक ठेवून या कथेला आरंभ झाला, त्याच खोलीवर दहा टन झेनॉन अंधारांत अजून दोन चमकांची वाट पाहत आहे.